विचारा, सांगतो : राउटरचा बिट, फीड आणि जळालेली कड

या महिन्यात सीएनसी राउटरबद्दल, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर लाकूड-प्लॅस्टिक कापणाऱ्या मशीनबद्दल, पत्रं बरीच आली. माल वेगवेगळा, तक्रार मात्र बहुतेकांची एकच: कड काळी पडते. उत्तरांतले आकडे ८ बाय ४ फुटी बेड (माल ठेवायचा पाट) आणि ३ किलोवॉट स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) धरून दिले आहेत, कारण आपल्याकडे नागपुरात हीच मशीन जास्त चालते. तुमची वेगळी असेल तर हिशोबाची रीत हीच ठेवा, आकडे तुमचे घाला. नव्या वाचकांसाठी: बिट म्हणजे फिरत कापणारं हत्यार, फ्लूट म्हणजे त्याची धार आणि तिच्याजवळची खाच, आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे, फीड म्हणजे बिट मालातून मिनिटाला किती मिमी पुढे सरकतो ते, आणि पास म्हणजे एका खोलीवरची एक फेरी.

१८ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली शीट) कापतो. बिट ६ मिमीचा, दोन फ्लूटचा, स्पिंडल २४,००० वर. कड जळते म्हणून फीड ३,००० वरून १,५०० वर आणला. तर आणखीच जळते. आता किती कमी करू?
*एक वाचक, लकडगंज*

कमी करू नका भाऊ, कमी केलात तिथेच घोळ झाला. स्पिंडलचे मिनिटाला २४,००० फेरे आणि बिटला दोन धारा, म्हणजे मिनिटाला ४८,००० वेळा धार मालाला लागते. १,५०० मिमी अंतर या ४८,००० घासांत वाटलं तर एका घासाला ०.०३१ मिमी येतं. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. त्याचाही तिसरा हिस्सा. थोडी वापरलेली धार इतका पातळ थर उचलूच शकत नाही. ती वरून घसरते, आणि घर्षणाची सगळी उष्णता बिटात आणि कडेत जाते. धारेनं घास घ्यायचा असतो, घासायचं नसतं.

कॅटलॉगात या घासाला चिपलोड म्हणतात. ६ मिमीच्या बिटला एमडीएफमध्ये तो ०.१५ ते ०.२५ मिमी हवा. हिशोब उलटा करा: आरपीएम गुणिले फ्लूट गुणिले चिपलोड म्हणजे फीड. १८,००० गुणिले २ गुणिले ०.१८ केलं की ६,४८० मिमी प्रति मिनिट येतात. आकडा बघून छातीत धस्स होईल, म्हणून एकदम तिथे उडी मारू नका. स्पिंडल आधी १८,००० वर आणा. व्हीएफडीवर (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या पेटीवर) २४,००० म्हणजे ४०० हर्ट्झ असेल तर १८,००० म्हणजे ३०० हर्ट्झ. ४,५०० फीडनं एक टाकाऊ पट्टी कापा, मग ५००-५०० नं वाढवत जा. खोली एका पासला ६ मिमी. तीन पास, शेवटचा ६.२.

कुठे थांबायचं ते भुसा सांगतो. चिमटीत घेऊन चोळा. मैद्यासारखा बोटाला चिकटला तर अजून घासतंय. रव्यासारखा खरखरीत लागला तर बरोबर. रंग एमडीएफचाच हवा, तपकिरी झाला असेल तर तो जळलेला भुसा. दुसरी खूण बिटची: स्पिंडल पूर्ण थांबवून, वीज बंद करून बिटला बोट लावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. फीड जास्त झाला तर आवाज जड होतो आणि कडेवर एकसारख्या लाटा दिसतात. तिथून ५०० मागे या.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. आरपीएम खूप खाली नेऊ नका, कारण या स्पिंडलची ताकद फेऱ्यांसोबत घटते. २४,००० ला ३ किलोवॉट असेल तर १२,००० ला साधारण दीडच उरतो. आणि ज्या बिटनं तुम्ही आतापर्यंत जाळलंय त्याच बिटवर ही परीक्षा घेऊ नका. त्याची धार गेलेली आहे, तो काहीही केलं तरी जाळणारच. नवा लावा.

सॉफ्टवेअरमध्ये एकक बघा. काही ठिकाणी फीड मिमी प्रति सेकंदात असतो. तिथे ६,४८० नव्हे, १०८ टाकायचे.

देवघराच्या जाळ्या कापतो, १२ मिमी एचडीएचएमआरमध्ये (एमडीएफहून घट्ट, ओलावा झेलणारी शीट). ४ मिमीचा दोन फ्लूटचा बिट, १८,००० आरपीएम. फीड ६,००० दिलाय, म्हणजे हिशोबानं भरपूर. सरळ बॉर्डर स्वच्छ निघते, जाळीचे कोपरे मात्र काळे.
*एक वाचक, महाल*

फीड ६,००० लिहिलाय, मशीन तेवढ्यानं चालत नाही. जाळी नीट बघा: रेघ १० मिमीची, मग वळण, पुन्हा १० मिमी. प्रत्येक वळणावर मशीन जवळजवळ थांबते आणि परत पळते.

समजा तुमच्या कंट्रोलरमध्ये ॲक्सिलरेशन ४०० मिमी प्रति सेकंद वर्ग आहे. सेटिंगमध्ये खरा आकडा दिसेल. ६,००० चा फीड म्हणजे सेकंदाला १०० मिमी. थांबलेल्या मशीनला तो वेग गाठायला १२.५ मिमी धाव लागते, थांबायला आणखी तेवढीच. तुमची रेघच १० मिमीची. ५ मिमी धावून वेग जेमतेम सेकंदाला ६३ मिमी, म्हणजे ३,८०० पर्यंत चढतो आणि लगेच ब्रेक लागतो. सरासरी निघते १,९००. या सरासरीला १८,००० आरपीएमवर घास पडतो ०.०५३ मिमीचा, आणि ऐन कोपऱ्यात तर जवळजवळ शून्याचा. जळणारच.

खात्री करायची तर घड्याळ लावा. सॉफ्टवेअर एकूण कटिंगची लांबी सांगतं. ७६ मीटरची जाळी ४० मिनिटांत झाली, तर तुमचा खरा फीड १,९००. स्क्रीनवर काय लिहिलंय त्याला अर्थ नाही.

म्हणून जाळीसाठी आरपीएम खऱ्या फीडवरून ठरवा. हाच बिट १२,००० वर चालवला तर सरासरी घास ०.०७९ आणि रेघेच्या मधोमध ०.१५८, म्हणजे या बिटला झेपेल असा. ताकद निम्मी झाली तरी ४ मिमीच्या बिटला ४ मिमी खोलीच्या पासमध्ये ती पुरते.

पण खरा फायदा ड्रॉइंगमध्ये आहे. इंटरनेटवरून उतरवलेली किंवा फोटोवरून ट्रेस केलेली जाळी असेल, तर एका पाकळीच्या वळणात पन्नास-साठ बारीक सरळ तुकडे असतात. प्रत्येक सांध्यावर मशीन अडखळते. ॲस्पायर किंवा आर्टकॅमसारख्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या वळणांवर आर्क बसवून घ्या, नोड (सांधे) कमी करा. आतले कोपरे टोकदार काढू नका. ४ मिमीचा बिट आत २ मिमी त्रिज्येपेक्षा लहान कोपरा देऊच शकत नाही, ड्रॉइंगमध्येच २.५ किंवा ३ मिमीची त्रिज्या दिली तर तो न थांबता वळून जातो. गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही, सँडपेपर मारणाऱ्या पोराला नक्की दिसतो.

ॲक्सिलरेशन वाढवण्याचा मोह होईल. साध्या स्टेपर मोटरची मशीन असेल तर जपून. स्टेप (मोटरचा एक टप्पा) सुटली की जाळीची खालची ओळ वरच्या ओळीपासून सरकते, आणि ते शेवटच्या पासमध्ये कळतं.

भाऊ, ३ मिमीचा बिट काहून तुटते? दिवसाला दोन जातात. शँक (बिटची दांडी) ३.१७५ ची आहे, ४ मिमीच्या कोलेटमध्ये (दांडी पकडणारी चिरांची नळी) आवळतो, बसते बरोबर. फीड २,००० च्या वर नेत नाही.
*एक वाचक, हिंगणा रोड*

बसते, पण बरोबर बसत नाही. ईआर कोलेट थोडा लहान शँकही पकडतो हे खरं. पण ४ चा कोलेट ३.१७५ पर्यंत दाबला की तो तिरपा मिटतो, तोंडाशी घट्ट आणि मागे सैल. बिट केंद्रावर फिरत नाही. डायल गेज असेल तर त्याचं टोक शँकला लावून स्पिंडल हातानं फिरवा. काटा ०.०२ मिमीत हलला तर ठीक. ०.०५ हलला तर पुढचा हिशोब बघा: १८,००० आरपीएम, दोन फ्लूट, २,१६० फीड, म्हणजे प्रत्येक धारेला ०.०६ चा घास. डगमग ०.०५ ची असेल तर एका धारेच्या वाट्याला ०.११ येतो आणि दुसरीच्या वाट्याला ०.०१. एकटी राबते, दुसरी नुसती घासते. तुमचा बिट तिथे मोडतो. ३.१७५ चाच कोलेट घ्या. दिवसाला दोन बिट जात असतील तर आठवड्यात त्याचे पैसे सुटतात.

कोलेट आधी नटमध्ये तिरका धरून टक्कन बसवायचा, मग नट स्पिंडलवर चढवायचा. स्पिंडलमध्ये कोलेट टाकून वरून नट फिरवणं ही हमखास डगमग. रोज संध्याकाळी कोलेटच्या चिरांतला भुसा ब्रशनं काढा, आतला डिंकासारखा थर थिनरच्या फडक्यानं पुसा.

आता लांबी. १० मिमीची शीट कापायला २५ मिमी लांब धारेचा बिट लावलाय का? बाहेर निघालेली लांबी वाढली की वाकणं तिच्या घनानं वाढतं. २५ ऐवजी १५ मिमीचा घेतलात तर तो साडेचार पटीहून जास्त ताठ असतो. आणि बिट नेमका मालात उतरताना तुटत असेल तर दोष प्लंजचा, म्हणजे बिट खाली उतरवण्याचा आहे. सरळ खाली घुसवू नका, रॅम्प द्या, म्हणजे तिरका उतरवा. प्लंजचा फीड कटिंगच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. एका पासला दीड मिमी.

दोन्ही बाजूंनी सनमायका लावलेला १८ मिमी प्लाय. महागातला कम्प्रेशन बिट आणला, चार पास घेतले, तरी वरची सनमायका उडते.
*एक वाचक, वाडी*

चार पास घेतले म्हणूनच उडते. कम्प्रेशन बिटच्या टोकाचा काही भाग अपकट असतो, म्हणजे भुसा वर ओढणारा. त्याच्या वरचा भाग डाउनकट, खाली दाबणारा. तुमचा पहिला पास साडेचार मिमीचा. तेवढ्या खोलीत फक्त अपकट भागच सनमायकाला लागतो, आणि तो तिला उचकटतो. महागाचा बिट घेऊन काम साध्या अपकटचं झालं.

वर्नियरनं टोकापासून धारांची दिशा बदलते तिथवर मोजा. ७ मिमी भरलं तर पहिला पास किमान ९ चा हवा. मग दुसरा थेट १८.२ पर्यंत. १८,००० आरपीएमला फीड ४,३०० च्या आसपास ठेवा. स्पिंडल दबत असेल तर फीड थोडा कमी करा, पहिल्या पासची खोली मात्र कमी करू नका. खाचा काढण्यासाठी टोकाचा अपकट भाग आखूड ठेवलेले कम्प्रेशन बिटही मिळतात. लहान स्पिंडलवाल्यांनी तेच घ्यावेत.

दुकानांच्या पाट्यांसाठी ५ मिमी ॲक्रेलिकची अक्षरं कापते. हिवाळ्यात कड छान येत होती. मे लागला तसा कापलेला भाग मागे पुन्हा चिकटून बसतो.
*एक वाचक भगिनी, नंदनवन*

ताई, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली शीट मे महिन्यात मशीनवर चढतानाच ४५ अंशांची असते. ॲक्रेलिक शंभरच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे हिवाळ्यात जी सत्तर-ऐंशी अंशांची सवड होती ती आता पन्नासवर आली. लाकडाचा दोन फ्लूटचा बिट असेल तर तो आधी काढा. एका फ्लूटचा, आतून चकचकीत पॉलिश केलेला बिट लागतो. त्याची खाच मोठी असते, तुकडा अडकायच्या आत बाहेर फेकला जातो. ३ मिमीचा बिट, १६,००० आरपीएम, फीड १,६००, खोली दीड ते दोन मिमी. हवेची नळी थेट बिटच्या टोकावर रोखा, आणि कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सकाळी आधी काढा. अक्षराला भोवती ०.२ मिमी माल राखून ठेवा आणि शेवटी पूर्ण खोलीत एकच साफ फेरी मारा.

शीट घेताना कास्ट मागा. एक्स्ट्रूडेड स्वस्त पडते, पण लवकर मऊ होते आणि तिचा तुकडा न पडता चिकट लड निघते. बिटभोवती लोकरीसारखी गुंडाळते. कापल्यावर कड थिनरनं पुसू नका, काही दिवसांनी बारीक तडे दिसू लागतात.

मापाचंही लक्षात असू द्या. ॲक्रेलिक १ मीटरला २० अंशांच्या फरकानं सुमारे १.४ मिमी आकसतं. दुपारी शेडमध्ये कापलेली पट्टी संध्याकाळी एसीच्या शोरूममध्ये बसवताना सैल झाली, तर मशीनला दोष देऊ नका.

स्पिंडल वॉटर-कूल्ड आहे. बादलीतलं पाणी दुपारपर्यंत तापतं. पंप कूलरच्या टाकीत टाकला तर चालेल का? तिथलं पाणी मस्त थंड असतं.
*एक वाचक, कळमना*

डोकं नागपुरी आहे आणि निम्मं बरोबर आहे. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे कूलरमधलं पाणी बाष्पीभवनानं खरंच बादलीपेक्षा बरंच थंड राहतं. पण पाणी उडतं आणि क्षार मागे उरतात. खसावर पांढरे खडे जमतात ना, तेच स्पिंडलच्या बारीक वाहिन्यांत जमतील. खसाच्या काड्या वेगळ्या. एकदा वाहिनी बुजली की बेअरिंग जातं.

थंडावा घ्या, पाणी घेऊ नका. आठ-दहा मीटर तांब्याच्या पाइपचं वेटोळं कूलरच्या टाकीत बुडवा आणि स्पिंडलचं पाणी त्यातून फिरवा. आतलं पाणी डिस्टिल्ड, त्यात रेडिएटरचा कूलंट मिसळलेला, म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना खाणार नाहीत. कूलरच्या बॉडीला अर्थिंग आहे का ते आधी तपासा; पंप, पाणी आणि पत्रा एकत्र आले की अपघात नागपूरला नवा नाही. परतीची नळी डोळ्यांसमोर ठेवा, धार बारीक झाली की लगेच कळतं. आणि त्या कूलरचा झोत प्लायच्या थप्पीवर किंवा व्हीएफडीच्या पेटीवर सोडू नका.

सागवानात देवीची मूर्ती कोरतो, ३०० बाय ४५० मिमी. फिनिशिंगला सहा-सहा तास जातात आणि तरी लाकूड केसाळ राहतं.
*एक वाचक, इतवारी*

आधी वेळ. टोकाला १ मिमी त्रिज्येचा टेपर बॉलनोज (गोल टोकाचा निमुळता बिट) धरतो. स्टेपओव्हर, म्हणजे शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर, ०.२ मिमी ठेवलात तर १,५०० फेऱ्या, प्रत्येकी ४५० मिमी, म्हणजे ६७५ मीटर कटिंग. सरासरी ३,००० नं पावणेचार तास. दोन रेघांमध्ये जो उंचवटा राहतो तो स्टेपओव्हरच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीनं भागून मिळतो: ०.२ ला ०.००५ मिमी, ०.३ ला ०.०११. ०.३ ठेवलात तर काम अडीच तासांत होतं, आणि तो उंचवटा २२० नंबरचा पेपर एका हातात घेऊन जातो. सहा तास लागतात त्याअर्थी तुमचा स्टेपओव्हर ०.२ च्या खाली असावा, किंवा सरासरी वेग बराच कमी. चेहरा आणि हात तेवढे बारीक घ्या, वस्त्र आणि प्रभावळ ०.३ वर सोडा. रफिंग, म्हणजे जादा माल काढणं, ६ मिमीच्या बिटनं आधी झालेलंच असलं पाहिजे, अर्धा मिमी माल राखून.

केसाळपणाची कारणं तीन. फेऱ्या लाकडाच्या रेषांना आडव्या जात असतील तर तंतू तुटत नाहीत, उपटले जातात. रास्टरची (या फेऱ्यांची) दिशा रेषांच्या बाजूनं ठेवा. लाकूड ओलं असेल तरीही केस उठतात. मॉइश्चर मीटरवर १२ टक्क्यांच्या आत येईपर्यंत थांबा. तिसरं कारण बोथट बिट, आणि सागवानात हेच जास्त. गिऱ्हाईक बल्लारशाच्या डेपोचंच सागवान हवं म्हणून अडून बसतं, दिल्लीच्या नव्या संसद भवनातलं सागवानही नागपूरहून गेलं. पण या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच भाऊ, आणि ती कार्बाइडची धार खात राहते. एमडीएफवर जेवढे तास बिट चालला तेवढे इथे धरू नका. नखावर धार हलकेच टेकवा. पकडली तर ठीक, घसरली तर बदला.

४ मिमी एसीपी (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये गाभा असलेली शीट) घडी घालताना कधी पत्रा चिरतो, कधी घडीच पडत नाही. एकाच शीटवर दोन्ही.
*एक वाचक, पारडी*

एकाच शीटवर दोन्ही, म्हणजे बिट नाही, बेड वाकडा आहे. ०.५ मिमी पत्र्याच्या ४ मिमी एसीपीत ९० अंशांच्या, २ ते ३ मिमी सपाट टोकाच्या व्ही बिटनं ३.२ मिमी खोल जायचं, खाली ०.५ चा पत्रा आणि वर ०.३ चा गाभा उरतो. सगळा खेळ त्या ०.३ चा. बेड एका कोपऱ्यात ०.३ नं वर असेल तर तिथे बिट पत्र्याला भिडतो, खाली असेल तिथे गाभा जाड राहतो.

बेडवरचा एमडीएफ २५ मिमीच्या सरफेसिंग बिटनं सपाट करून घ्या: १४,००० आरपीएम, फीड ५,६००, खोली ०.५, स्टेपओव्हर बिटच्या ७० टक्के. आधी पेन्सिलनं पूर्ण बेडवर आडव्या-उभ्या रेघा मारा. एकही रेघ शिल्लक राहिली तर पुन्हा ०.३ घ्या. पावसाळ्यात एमडीएफ फुगतो, त्यामुळे जूनमध्ये सपाट केलेला बेड ऑगस्टमध्ये सपाट असेलच असं नाही. एसीपीचं काम घेण्याआधी चार कोपरे आणि मध्य, पाच ठिकाणी झेड (उंची) मोजा.